अल्सरेटिव्ह कोलायटिस / क्रोन्सवाल्यांनो, रोजचा दिवस कसा निभावता?

धीमी_लोकल

नमस्कार मंडळी. आतड्याला दाह होण्याचे हे दोन आजार. त्यांवर इथे आधीही धागे आलेत, पण ते "हे नेमकं असतं काय" यावर सुरू झाले आणि दही चालतं की ताक या वादात संपले. औषधांची यादी मला नकोय, ती माझ्या डॉक्टरीणबाई देतात. मला रोजचं हवंय. सकाळी घराबाहेर कसे पडता, डब्यात काय नेता, लग्नाच्या पंगतीत वाढप्याला काय सांगता, ऑफिसात कुणाला किती सांगून ठेवलंय?

माझ्यापासून सुरुवात करते. मला कोलायटिस आहे, मोठ्या आतड्याच्या डाव्या भागात. घर डोंबिवलीला, नोकरी फोर्टात. मुंबईबाहेरच्यांसाठी सांगते, लोकलमध्ये संडास नसतो. आजार जागा झाला की कळ आल्यावर हातात दोन-तीन मिनिटं असतात, कधी तीही नसतात. म्हणून त्या दिवसांत मी जलद गाडीच्या वाटेला जात नाही. धीमी प्रत्येक स्टेशनावर थांबते, उतरता येतं. उशीर होतो, पण ठाण्याच्या पुढे गाडी मध्येच उभी राहिली की जो घाम फुटतो त्यापेक्षा उशीर बरा. कुठल्या स्टेशनात शौचालय कुठल्या फलाटावर आहे, कुठे पाणी असतं आणि कुठे नुसतीच बादली, हे सगळं पाठ आहे.

खाल्लं की आतडं हलतं, हा निसर्गनियम. त्यामुळे चहा-नाश्ता निघण्याच्या बराच आधी उरकते, म्हणजे जे व्हायचं ते घरी होतं. पर्समध्ये एक सलवार, आतले कपडे, ओले टिश्यू, गाठ मारता येईल अशी काळी पिशवी आणि सुटे पैसे. गेल्या कित्येक महिन्यांत यातलं काही लागलेलं नाही, तरी पिशवी काढून ठेवत नाही. ती आहे म्हणूनच निम्मी कळ येत नाही असं माझं मत आहे.

आणि एक, कुणी उघड बोलत नाही म्हणून मीच बोलते. मेसालामाइनच्या (दाह कमी करणाऱ्या) गोळ्यांबरोबर मला रात्री सपोझिटरी, म्हणजे गुदद्वारातून आत सरकवायची गोळी, आणि कधी एनिमा असतो. लोक लाजून गोळ्याच घेतात आणि खालून घ्यायचं औषध फ्रिजवर पडून राहतं. आजार खालच्या टोकाला असेल तर औषध थेट तिथे पोचवणं आणि सोबत गोळ्या, याचा गुण नुसत्या गोळ्यांपेक्षा जास्त येतो. एनिमा घेताना डाव्या कुशीवर झोपायचं, खाली जुना टॉवेल, आणि मग फोनवर काहीतरी लांबलचक बघत पडून राहायचं.

तुमचं सांगा.

चिंचगुळ

पुण्याहून हजर. मला क्रोन्स, लहान आतडं जिथे मोठ्याला मिळतं तिथे. ही जागा आपल्या देशात मोठी फसवी, कारण आतड्याचा टीबीही नेमका तिथेच बसतो. दुर्बिणीतून दोन्हींचे व्रण सारखे दिसू शकतात आणि बायोप्सीतही दर वेळी उलगडा होत नाही. त्यामुळे आधी टीबीची औषधं सुरू करायची, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण, व्रण भरले नसतील तर क्रोन्सकडे वळायचं, हा रस्ता इथे बऱ्याच जणांच्या वाट्याला येतो. माझ्याही आला. रिफॅम्पिसिनने लघवी केशरी होते हे आधी सांगितलं असतं तर पहिल्या सकाळचा धक्का वाचला असता.

रोजचं म्हणाल तर माझी अडचण धीमी_लोकलताईंच्या उलट आहे. आतडं एका जागी आक्रसलंय. धावपळ कमी, अडकण्याची भीती जास्त. चोथा, साल, रेषा असलेलं काहीही मला शत्रू. कणीस, ऊस, संत्र्याची फोड सालीसकट, शेवग्याची शेंग, ओल्या नारळाचा चव, कच्ची कोशिंबीर. थंडीत सगळा ग्रुप हुरड्याला जातो, मीही जातो. शेकोटीशी बसून दही आणि गूळ खातो आणि बाकीच्यांचे फोटो काढतो.

खातो काय? मऊ भात, मुगाचं वरण, दुधी, कोहळा, साल काढलेलं पडवळ, अंडी, मासे, पिकलेलं केळं. मेतकूट-भात-तूप यावर मी आयुष्य काढू शकेन. पण एक सांगतो, हे पथ्य आक्रसलेल्या आतड्याचं आहे. आजार शांत असेल आणि आतडं मोकळं असेल त्याने माझी यादी पाळून स्वतःला वाळवू नये. माझ्या ओळखीत एक मुलगी "क्रोन्स आहे ना" म्हणून दोन वर्षं भात-वरणावर होती. शेवटी रक्तात ना लोह ना बी-१२.

आजीचा_बटवा

सगळ्यांचे अनुभव वाचले. वाईट वाटलं. पण अ‍ॅलोपथीत हे फक्त दाबलं जातं, मुळापासून जात नाही. कुटजारिष्ट, बेलाचा मुरंबा, रोज ताक, आणि गहू पूर्ण बंद. माझ्या मावसभावाचा असाच त्रास सहा महिन्यांत गेला. त्याने सगळ्या गोळ्या बंद केल्या. सांगलीकडे एक जण पुड्या देतात, हवं असेल तर निरोप करा.

धीमी_लोकल

बटवाताई, राग मानू नका, पण धाग्याच्या पहिल्याच परिच्छेदात याचसाठी विनवणी केली होती. मावसभावाला दुर्बिणीतून निदान झालं होतं की "पोट बिघडतं" एवढंच? आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) आणि आयबीडी, म्हणजे आपले हे दोन आजार, नावं सारखी वाटतात, पण आयबीएसमध्ये आतड्याला जखमा नसतात, रक्त पडत नाही. "मलाही आहे ग, तू टेन्शन घेतेस" असं सांगणारे बहुतेक जण आयबीएसवाले असतात.

अकोल्याचा_औषधवाला

दुकान आहे म्हणून काउंटरच्या या बाजूने लिहितो.

कुटजाबद्दल माझी तक्रार नाही, जुलाबावर ते पिढ्यान्‌पिढ्या घेतलं जातं. माझी तक्रार पुड्यांबद्दल आहे. ज्या पुडीवर नाव नाही, घटक नाहीत, ती आठवड्यात जादू करत असेल तर आत स्टिरॉइड असण्याची शंका घ्यावी. असे प्रकार तपासणीत सापडलेले आहेत. चार महिन्यांनी तोच माणूस गोल गरगरीत चेहरा आणि वाढलेली साखर घेऊन येतो. पुडी बंद केली की आजार दुप्पट जोराने उठतो, आणि मग सगळे म्हणतात अ‍ॅलोपथीने दाबलं होतं.

डॉक्टरांनी दिलेलं स्टिरॉइडही लाडकं औषध नव्हे. भडका विझवायला ते उत्तम, घरात मुक्कामाला ठेवायला नव्हे. प्रेड्निसोलोन साधारण ४० मिलिग्रॅमने सुरू होतं आणि आठवड्यागणिक उतरवत दोनेक महिन्यांत बंद होतं. बरं वाटलं म्हणून मधेच एकदम सोडणारे माझ्याकडे दर महिन्याला येतात. बाहेरून स्टिरॉइड मिळत असतं तोवर शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं, ते पुन्हा सुरू व्हायला वेळ लागतो. म्हणून पायरी पायरीने.

याहून मोठा घोळ दुखण्याच्या गोळीचा. या आजारात सांधेही दुखतात. माणूस येतो आणि डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन मागतो, दुकानदार देतोही. या गोळ्यांनी आजार उठू शकतो. पॅरासिटामॉलवर भागवा आणि दुकानात तोंडाने सांगा की मला कोलायटिस आहे. आम्हाला चेहऱ्यावरून कळत नाही.

आता आमच्याकडचा खास प्रश्न. अडॅलिमुमॅबचं इंजेक्शन (या आजारात दाह रोखायला देतात ते) २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो आणि वीजही जाते. फ्रिजच्या दारात ठेवू नका, मधल्या फळीवर मागे ठेवा, बर्फाच्या कप्प्यात तर मुळीच नको, गोठलेलं इंजेक्शन फुकट गेलं. प्रवासात थर्मासच्या पेटीत जेल पॅक, आणि पॅक व इंजेक्शनच्या मध्ये कापड. चुकून बाहेर राहिलं तर किती तास चालतं ते कंपनीगणिक वेगळं असतं, खोक्यातला कागद वाचा. या औषधाची पहिली स्वस्त प्रतिकृती जगात सर्वांत आधी भारतातच, २०१४ मध्ये बाजारात आली. म्हणून आमच्या गावापर्यंत ते पोचलं तरी.

नगरची_आई

माझा मुलगा चौदाचा. उंची थांबली, वजन उतरलं, सगळे म्हणाले खात नाही, लाडावलाय. निदान क्रोन्स.

लहान मुलांत स्टिरॉइडने वाढ खुंटते म्हणून डॉक्टरांनी दुसरा मार्ग सांगितला. सहा ते आठ आठवडे फक्त पूर्ण आहाराची पावडर पाण्यात कालवून प्यायची, दुसरं काहीही खायचं नाही. घास नाही, पोळी नाही, वाढदिवसाचा केकही नाही. मुलांच्या क्रोन्समध्ये याने आतडं शांत होतं आणि वजनही भरतं. ऐकायला सोपं. घरात फोडणीचा वास आला की पोरगं खोलीचं दार लावून घ्यायचं. मग आम्ही सगळ्यांनीच घरात साधं आणि लवकर जेवायला सुरुवात केली. धाकटी मात्र लपून पावभाजी खाऊन यायची आणि तिचा शर्ट सगळं सांगायचा.

शाळेचं सांगते, कारण आईबाप यातच अडतात. डॉक्टरांकडून दोन ओळींचं पत्र घेतलं: तासाला परवानगी न मागता बाहेर जाऊ द्यावं आणि शिक्षकांचं स्वच्छतागृह वापरू द्यावं. मुख्याध्यापिकांनी लगेच मान्य केलं. वर्गशिक्षकांना नीट सांगितलं, वर्गाला नाही. वर्गात कुणाला सांगायचं ते त्याने ठरवलं. एकाच मित्राला सांगितलंय, तोच बाकावर कडेची जागा सोडतो.

प्रश्न: अ‍ॅझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी) सुरू करायचं म्हणतात. कुणाचे केस गळले का?

चिंचगुळ

नगरच्या ताई, सुरू करण्याआधी एनयूडीटी१५ या जनुकाची रक्ततपासणी होते का विचारा. आपल्याकडच्या काही लोकांत त्यात फरक असतो, त्यांच्या पांढऱ्या पेशी या औषधाने झपाट्याने उतरतात आणि केसही भसाभसा जातात. तपासणी झाली नाही तरी सुरुवातीला वरचेवर सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि नंतर साधारण तीन महिन्यांनी एकदा, हे चुकवू नका. मला केसांचा त्रास झाला नाही. होते तेवढे आधीच गेले होते.

मोगरा२८

बराच काळ फक्त वाचत होते. मला कोलायटिस आहे, लग्नाला वर्ष झालं. लग्नाआधी त्यांना सगळं सांगितलं होतं, सासरी मात्र "पोटाचा त्रास" एवढंच. हरतालिकेला निर्जळी उपास, आणि त्याच आठवड्यात माझं रक्त पडायला लागलं होतं. शेवटी स्वयंपाकघरात सासूबाईंना सांगितलं. त्या काहीच बोलल्या नाहीत. संध्याकाळी शेजारच्या काकूंनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "हिचा उपास मी धरलाय, हिला पेज दिली." अहो आईंनी स्वतः मात्र दोघींचा मिळून एकच उपास केला, दुपारी चहा घेतला.

आता बाळाचा विचार आहे. मी अडॅलिमुमॅबवर आहे. सगळे म्हणतात आधी औषध बंद कर. कुणाला माहिती?

मेधा_लेस्टर

मोगरा, माझी दोन मुलं याच आजारात झाली. थोडक्यात: आजार शांत असताना दिवस राहणं उत्तम, निदान तीन-सहा महिने शांत गेलेले असावेत. पोटातल्या बाळाला बहुतेक औषधांपेक्षा उठलेल्या आजाराचा धोका जास्त. मेसालामाइन, अ‍ॅझाथायोप्रिन, अडॅलिमुमॅब ही सहसा चालू ठेवतात. मेथोट्रेक्सेट मात्र चालत नाही, ते बरंच आधी थांबवावं लागतं. स्वतःच्या मनाने काही बंद करू नकोस, आधी पोटाच्या आणि बाळंतपणाच्या डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लाव.

तुमच्या इथे एक गोष्ट फार महत्त्वाची. भारतात बाळाला जन्मल्याजन्मल्या बीसीजी टोचतात. ती जिवंत जंतूंची लस आहे. अडॅलिमुमॅबसारखी औषधं शेवटच्या तिमाहीत वारेतून बाळाकडे जातात, म्हणून अशा बाळाला बीसीजी किमान सहा महिने पुढे ढकलतात. प्रसूतीच्या वेळी ड्यूटीवरच्या नर्सला हे ठाऊक असेलच असं नाही. फाईलवर मोठ्या अक्षरात लिहून घे आणि नवऱ्यालाही पढवून ठेव, कारण त्या वेळी तू बोलण्याच्या अवस्थेत नसशील.

इकडचं, म्हणजे इंग्लंडमधलं, रोजचं: रुग्णसंघटनेचं एक कार्ड मिळतं, "मला थांबता येत नाही" अशा अर्थाचं. दुकानात दाखवलं की बहुधा मागचं स्वच्छतागृह उघडून देतात. शिवाय रडार नावाची किल्ली असते, देशभरातली अपंगांसाठीची हजारो कुलूपबंद स्वच्छतागृहं तिने उघडतात. मी धडधाकट दिसते, त्यामुळे बाहेर आल्यावर रांगेतल्या आजीबाईंच्या नजरा झेलाव्या लागतात. नजरा सगळ्या देशांत सारख्याच.

धीमी_लोकल

मेधा, आपल्याकडे किल्ली नाही, पण पेट्रोल पंपावर स्वच्छतागृह फुकट वापरू देणं बंधनकारक आहे, पेट्रोल भरा किंवा नका भरू. "कुलूप आहे" म्हणाले की मी किल्ली मागते आणि तिथेच उभी राहते. मुंबईत बायकांच्या संघटनांनी २०११ पासून "राइट टू पी", म्हणजे लघवीच्या हक्काची, मोहीम चालवली, तिने निदान हा विषय मोठ्याने बोलता येऊ लागला. आमच्यासारख्यांना पीच्या पुढचंही हवंय, ते असो.

पिशवीवाला

सोलापूर. कोलायटिसचा भडका कुठल्याच औषधाला जुमानेना, शेवटी मोठं आतडं काढलं. आता पोटावर इलिओस्टॉमी आहे, म्हणजे लहान आतड्याचं तोंड आणि त्यावर चिकटवलेली पिशवी. पुढे आतूनच थैली करून पिशवी घालवायची शस्त्रक्रिया असते. मी नको म्हटलं.

लोकांना वाटतं ही शेवटची पायरी. माझ्यापुरतं सांगतो, आधी मी संडासाला बांधलेला होतो, आता मी सोलापूर-मुंबई एसटीने खिडकीशी बसून जातो आणि शेजारचे काका चहाला उतरले तरी मी उतरत नाही. ताई, तुमची जलद गाडी मला चालते.

व्यवहार असा. पिशवी सकाळी उठल्याबरोबर, पोटात काही जायच्या आत बदलायची, तेव्हा आतडं शांत असतं. उन्हाळ्यात घामाने चिकटपट्टी सुटते, तेव्हा लवकर बदला. मोठं आतडं नसल्याने पाणी आणि मीठ शरीरात मुरत नाही, वाहून जातं. नुसतं पाणी ढोसलं तर उलट जास्त वाहतं. म्हणून लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा आणि सपाट, हे माझ्या बाटलीत कायम. फार पातळ झालं तर भात, केळं, साबुदाणा. कणीस आणि अळंबी नीट चावल्याशिवाय नाही. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कधी अख्ख्या पिशवीत उतरतात, दिसल्या तर डॉक्टरांना सांगा, औषध लागूच पडत नाहीये.

"देवळात जाता का?" हा प्रश्न मला आजाराविषयीच्या सगळ्या प्रश्नांहून जास्त वेळा विचारला गेलाय. जातो. प्रत्येक माणसाच्या पोटात तेच असतं, माझं एक इंच बाहेर आहे.

ज्यांना शस्त्रक्रियेचं सांगितलंय त्यांनी आधी पिशवी असलेल्या एखाद्याला प्रत्यक्ष भेटा. मुंबईत ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही याच कामाची संस्था आहे.

आजीचा_बटवा

पिशवीवाले भाऊ, वाचून गप्प झाले. मुरंबा तरी चालतो का हो?

पिशवीवाला

बेलाचा धावेल. थोडा पाठवा.

चिंचगुळ

विम्याचं कुणी काढलं नाही म्हणून लिहितो, इथेच सगळे आपटतात. स्वतःची पॉलिसी काढताना हा आजार जाहीर केला की तीन गोष्टी होऊ शकतात: नकार, जास्त हप्ता, किंवा हा आजार कायमचा वगळून पॉलिसी. विमा नियामक आयआरडीएने २०१९ मध्ये कायम वगळता येतील अशा आजारांची यादी दिली, त्यात आपला आजार नाव घेऊन आहे. वगळला नाही तर आधीच्या आजाराची प्रतीक्षा २०२४ पासून जास्तीत जास्त ३६ महिने, पूर्वी ४८ होती. लपवून पॉलिसी काढा असा सल्ला एजंट देतात. ऐकू नका, दाव्याच्या वेळी जुनी कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बीण) बरोबर सापडते.

नोकरीतल्या गट विम्यात आधीचे आजार बहुधा पहिल्या दिवसापासून धरतात. माझ्या ओळखीतले निम्मे लोक केवळ यासाठी नोकरी बदलत नाहीत. आणखी एक मेख: इन्फ्लिक्सिमॅब हे अडॅलिमुमॅबच्याच जातीचं औषध दवाखान्यात सलाइनमधून दर आठ आठवड्यांनी घेतात, ते विम्याच्या डे-केअरमध्ये (रात्रीचा मुक्काम न करता दवाखान्यात घेतलेले उपचार) बसू शकतं. अडॅलिमुमॅब घरी टोचून घ्यायचं, म्हणून ते ओपीडी ठरवून नाकारलं जातं. औषध निवडताना डॉक्टरांशी हेही बोला. २०१६ च्या अपंगत्व कायद्यातल्या २१ प्रकारांत आपण नाही आणि आयकरात ठरावीक आजारांच्या उपचारखर्चावर सवलत मिळते त्या यादीतही नाही, तेव्हा तिकडे वेळ घालवू नका.

वाचनमात्र_१९

पहिलाच प्रतिसाद. वय १९, हॉस्टेलवर राहतो. दोन महिन्यांपासून रक्त पडतंय, मूळव्याध समजून मलम लावत होतो. परवा कोलोनोस्कोपी आहे. घरी अजून सांगितलं नाही. ती तयारीची पावडर खूप वाईट असते का?

धीमी_लोकल

वाईट म्हणजे खारट आणि प्रचंड. दोन लिटर एकदम बघून घाबरू नको. फ्रिजमध्ये गार कर, घोटाघोटाने नको, ग्लासभर एका दमात पी, मध्ये लिंबाची फोड चोख. आदल्या दिवशी गाळलेलं काहीही चालतं: नारळपाणी, बिनदुधाचा चहा, वरणाचं वरचं पाणी. लाल रंगाचं सरबत नको, आत रक्तासारखं दिसतं. सुरू करायच्या आधीच व्हॅसलिन लाव, नंतर लावून उपयोग नाही. हॉस्टेलचा संडास सामाईक असेल तर त्या रात्रीपुरता एखाद्या मित्राच्या घरी जा जिथे एक संडास फक्त तुझा असेल.

झोपेचं इंजेक्शन देतात, त्यामुळे घरी न्यायला कुणीतरी लागतंच, एकट्याला सोडत नाहीत. म्हणजे कुणाला तरी सांगावं लागणारच. आईला फोन कर. ती रडली तर रडू दे, दुसऱ्या दिवशी डबा घेऊन येईल. बायोप्सी घेणार का ते आधी विचार आणि सगळे रिपोर्ट व फोटो स्वतःजवळ ठेव. कुठल्या शहरात आहेस?

वाचनमात्र_१९

औरंगाबाद. म्हणजे संभाजीनगर. आई जालन्याला असते.

नगरची_आई

जालना तासाभरावर आहे. आत्ता फोन कर. नऊ वाजलेत, जागी असेल.